विकलेला माल

कडू महाजनने मनावर घेतलं तर कोरड्या विहिरीच्या मालकालाही तो मोटर विकेल, असं बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातले दुकानदार म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बहादरपूरचा एखादा केळीबागवाला सगळ्यात स्वस्त मोटर मागत दुकानात शिरला की बाकीचे नोकर वॉरंटी, वाइंडिंग आणि हॉर्सपॉवरची पोपटपंची सुरू करत. कडू तसलं काही करत नसे. तो चहा मागवायचा, स्टूल पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "मोटरचं राहू द्या हो भाऊ. भर मे महिन्यात वरात दारात अन् मोटर जळाली, ते ऐकलं का तुम्ही?" मग ती वरात, पाण्याविना ताटकळलेली पंगत, बादली घेऊन शेजारच्या मळ्यात धावणारा नवरीचा बाप, असं सगळं तो डोळ्यांसमोर उभं करायचा. गिऱ्हाईक "मग? मग?" करत राहायचं आणि जाताना चांगली मोटर घेऊन जायचं.

असा हा बहाद्दर छत्तिशी ओलांडली तरी बिनलग्नाचा होता. दुनियेचा माल त्याने खपवला, पण स्वतःचं घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला कळत नव्हतं.

एक तर नावच कडू. बुऱ्हाणपुरात अर्धं गाव हिंदी बोलतं आणि हिंदीवाल्यांच्या तोंडात कडूचा कद्दू व्हायला वेळ लागत नाही. कद्दू म्हणजे भोपळा, आणि ज्याला काहीच जमत नाही तोही कद्दूच. शाळेपासून ते त्याच्या मागे लागलं होतं. एकदा त्याने नाव बदलून करण करायचं काढलं, तर त्याच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, अन्नपाणी सोडलं. बाप, मोतीराम, नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन मग वारलेला. घरात ही दोघंच. आईपुढे हात टेकून तो कडूच राहिला.

पण नावामुळे स्थळं अडत नव्हती, हेही खरं. फोटो पसंत पडायचा, बोलणं पसंत पडायचं. गावातल्या लालबाग भागातलं घर स्वतःचं, सुपारीचंही व्यसन नाही. मुलीकडचे घर बघायला येत, पोहे खात, आणि "कळवतो" म्हणून जात ते जातच. हे "कळवतो" ऐकून ऐकून कडूला आता पोह्यांचा वासही सहन होईनासा झाला होता.

मनीषाचं स्थळ गिरधरमामांनी आणलं. हे चंद्रभागाबाईंचे चुलतभाऊ, समाजातली लग्नं जुळवणं हा त्यांचा आवडता उद्योग. मनीषा तुकईथड गावची, बत्तिशीची, खकनारला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. वडील प्रभाकर गुरुजी निवृत्त शिक्षक. कडू मामांबरोबर बघायला गेला, आणि मोठ्यांनी "बोला तुम्ही दोघं" म्हणून दोघांना मागच्या अंगणात पिटाळलं. आधी दोघंही मुकाट. मग कडूने विचारलं, "तुम्ही सुई काढल्यावर सगळ्यात जास्त कोण घाबरतं?"

"पहिलवान," मनीषा म्हणाली.

त्यावर कडूला एक मिशीवालं गिऱ्हाईक आठवलं, ज्याला मोटर सुरू झाल्याच्या आवाजाने भोवळ आली होती. ते त्याने असं काही रंगवलं की मनीषा पदराने डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "तुमच्यासोबत माणूस बोअर नाही होणार." परतीच्या बसमध्ये कडू ते एकच वाक्य चघळत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मुलगी बघून आल्यासारखं नाही, कुणाला तरी भेटून आल्यासारखं वाटत होतं. ही नाही तर कुणीच नाही, हे त्याने बस खकनारच्या फाट्याला लागली तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी गुरुजी घर बघायला आले. गप्पा रंगल्या. गुरुजींना गरम मावा जिलेबी खिलवावी म्हणून कडू सायकल काढून पळाला आणि पुडा छातीशी धरून परत आला, तर गुरुजी पायात चपला घालत होते. चेहरा पडलेला.

"अहो गुरुजी, जिलेबी!"

"साखर आहे मला," गुरुजी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "कळवतो."

 पुडा कडूच्या हातात तसाच राहिला आणि पाक बोटांवरून मनगटावर उतरला.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. फोन वाजला की तो गिऱ्हाईक सोडून धावायचा. गिरधरमामांना तो रोज फोन लावायचा आणि मामा रोज नवी थाप मारायचे. कधी गुरुजी गावाला गेले, कधी रेंज नाही. दुकानात त्याच्या गोष्टी अर्ध्यात तुटू लागल्या. वरात दारात यायची आणि पुढे काय झालं ते त्यालाच आठवायचं नाही. गिऱ्हाईक स्वस्त मोटर घेऊन निघून जायचं.

त्यातच मोटर कंपनीने इंदूरला विक्रेत्यांचं ट्रेनिंग ठेवलं आणि मालकाने कडूला पाठवलं. शिकवणारे अनिकेत सर म्हणून होते, चकचकीत बूट, कानाला माइक. ते म्हणाले, "माल मत बेचो, कहानी बेचो." कडूला गंमत वाटली, हे तर तो मिसरूड फुटल्यापासून करत होता. बुऱ्हाणपूरच्या लोकांनी ओरडून त्याचं नाव पुढे केलं आणि सरांनी त्याला स्टेजवर बोलावलं. समोर दोनशे खुर्च्या. काउंटरवर एक माणूस समोर असतो, तो "मग?" म्हणतो आणि गोष्ट पुढे सरकते. इथे कुणी मग म्हणेना. कडूची जीभ टाळूला चिकटली. तो माइक हातात धरून घामाने निथळत उभा राहिला आणि शेवटी "धन्यवाद" म्हणून खाली उतरला.

अनिकेत सर भले होते. जेवणाच्या सुट्टीत ते ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. "तुम रटा हुआ भाषण याद कर रहे थे," ते म्हणाले. "घोकू नका. अपनी बात बोलो. आणि कहानी वहाँ से शुरू करो, जहाँ किसी का कुछ जाने वाला हो. त्याच्या आधीचं सगळं फालतू."

माझं तर सगळंच जायला निघालंय, असं कडूच्या ओठांवर आलं होतं. पण तो नुसतं हो म्हणाला आणि भात कालवत राहिला.

इंदूरहून आल्यावर त्याने गिरधरमामांना शनवाऱ्याच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि मनगटच धरलं. "मामा, आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही. काय खोट काढली त्यांनी माझ्यात? रंग? नोकरी? नाव? जे असेल ते सांगा. कुत्र्यासारखी वाट बघून राह्यलोय मी."

मामांनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं, इकडेतिकडे बघितलं. "तुझ्यात खोट नाही काढली रे भो. तुझी मायच बोलली."

"काय बोलली?"

"तू जिलेबी आणाले गेला ना, तवा गुरुजींनी सहज विचारलं, ताई, मुलगा स्वभावाने कसा आहे? तर चंदी काय म्हणते? 'कशाचा कसा गुरुजी! फालतू आहे. कोणाच्या कामाचा नाही. जगून राह्यला, बस.' आता सख्खी मायच असं म्हणते, तर पोराचं काहीतरी वाईट असेलच ना? गुरुजींची झोप उडाली. पोरगी रडली म्हणे, पण बाप कसा देईल?" मामांनी मान खाली घातली. "अन् हे पहिल्यांदा नाही. रावेरवाल्यांनाही हेच बोलली होती. खंडव्यावाल्यांनाही. तुले सांगायची माझी हिंमत नाही झाली."

कडू मटकन बाकड्यावर बसला. इतकी वर्षं तो आरशात स्वतःची खोट शोधत होता, आणि ती घरात, देवापुढे निरांजन लावत बसली होती.

तो तडक घरी गेला. चंद्रभागाबाई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याचाच शर्ट हातात होता.

"माय, तू गुरुजींना काय सांगितलं?"

त्यांनी वर बघितलं आणि त्यांना समजलं. शर्टाची बाही त्या पुन्हा पुन्हा सारखी करू लागल्या. "मग काय सांगू? चांगला आहे सांगू?"

"हो! चांगला आहे सांग! साऱ्या दुनियेतल्या आया सांगतात. दारूड्या पोराच्या आयाही सांगतात!"

"मले नाही सांगता येत."

"कायले नाही येत? मी वाईट आहे का?"

"कडू!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की त्या स्वतःच दचकल्या. मग त्या भिंतीकडे बघून बोलू लागल्या. "तुझ्याआधीचा मोठा, त्याचं नाव राजा ठेवलं होतं. असा गोरा, असा गुटगुटीत. बाजारात घेऊन गेले तर बायका म्हणाल्या, किती गोड आहे हो तुमचा. मी म्हटलं, हो ना, गोडच आहे माझा राजा. त्याच आठवड्यात तापाने गेला. मग गुलाब झाली. तिला कुणाला दाखवलंच नाही. पण एकदा तुझ्या बापाला मीच म्हटलं, पोरगी चांगली निघाली नाही का. तीही गेली." त्यांनी शर्ट छातीशी धरला. "माझ्याच तोंडाने गेली ती दोघं. मग तू झाला. तुले सुपात घातलं अन् दृष्ट लागू नये म्हणून विकून टाकलं."

विकल्याची ती हकीकत कडूला माहीत होती. शेजारची काकू ती हसत हसत सांगायची आणि तोही हसायचा. पण त्याच्याआधी दोघं होते एवढंच त्याने ऐकलेलं; त्यांची नावं आज पहिल्यांदा त्याच्या कानावर पडली. त्याचा राग कुठल्या कुठे गेला, आणि राग गेल्यावर खाली जे उरलं ते रागाहून वाईट होतं.

तो जमिनीवर बसला. "माय, एकदा म्हण. फक्त एकदा, गुरुजींना. मुलगा चांगला आहे. मी हात जोडतो."

चंद्रभागाबाईंनी खरोखर प्रयत्न केला. ओठ उघडले, 'चां' एवढं बाहेर आलं, आणि त्यांना घाम फुटला. पदर तोंडात कोंबून त्या मान हलवू लागल्या.

"मले मरणापासून वाचवलं तू," कडू म्हणाला, "आता जगू तर दे."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ झडायला हवी होती. त्या दिवशी चंद्रभागाबाई जेवल्या नाहीत, आणि तोही.

दोन दिवसांनी मामांचा निरोप आला. रविवारी समाजाचं परिचय संमेलन, सिंधी बस्तीच्या पुढच्या मंगल कार्यालयात. गुरुजींनी मनीषाचं नाव नोंदवलं होतं. "पुण्याचे दोन इंजिनीअर येऊन राह्यले, जळगावचा एक बँकेतला येऊन राह्यला," मामा म्हणाले. "तिथं कोणी पसंत पडला तर गुरुजी त्याच दिवशी सुपारी फोडतील. तुझंही नाव टाकतो. स्टेजवर दोन मिनिटं मिळतात. दुकानात बोलतो तसा बोल, बापा. हा शेवटचा डाव समज."

स्टेज म्हटल्याबरोबर कडूच्या डोळ्यांपुढे इंदूर आलं. तरी त्याने दोन मिनिटांचं भाषण लिहून काढलं आणि आंघोळ करताना, सायकल चालवताना, झोपेतही घोकलं. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, छंद. निघायच्या सकाळी बघतो तर चंद्रभागाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात तयार उभ्या. त्यांना नेऊ नये असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पण रिक्षात बसल्यावर तो बोललाच.

"माय, कोणी काही विचारलं तर बोलू नको."

"नाही बोलत," त्या म्हणाल्या, आणि रस्ताभर बाहेर बघत राहिल्या.

मांडवात ही गर्दी. एका बाजूला आया, एका बाजूला बाप, मधे नातेवाईक, आणि सगळ्यांच्या हातात परिचयाच्या पुस्तिका. पोरं एकेक करून स्टेजवर जात होती. पुण्याचे इंजिनीअर पाण्यासारखं बोलले. बँकेतल्याने तर अपेक्षांमध्ये 'फक्त समजूतदार' म्हणून टाळ्या घेतल्या. चौथ्या रांगेत मनीषा वडिलांशेजारी बसली होती. तिने एकदा कडूकडे बघितलं आणि लगेच नजर खाली नेली. ती नजर कसली होती, त्याला उमगलं नाही. 

निवेदक खंडव्याचा. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने पुकारलं, "अब आ रहे हैं कद्दू... कद्दू मोतीराम महाजन!"

मांडव खो खो हसला. पोरं शिट्ट्या मारू लागली. "आ जा रे कद्दू!" कडू पायऱ्या चढला, माइकसमोर उभा राहिला, आणि घोकलेलं सगळं पाटी पुसावी तसं पुसलं गेलं. नाव, उंची, छंद, काही काही नाही. त्याने समोर बघितलं. बायकांच्या रांगेत चंद्रभागाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. एवढ्या माणसांत एकट्या त्या हसत नव्हत्या. कडूने बाकीच्या सगळ्या खुर्च्या सोडून दिल्या आणि त्यांच्याकडे बघूनच तोंड उघडलं.

"माझं नाव कडू. कद्दू नाही. कडुलिंबाचा कडू."

पुन्हा हशा.

"मी विहिरीच्या मोटरी विकतो. पण तुम्ही लोक इथं माल बघायले आला, तर आधीच सांगून टाकतो. मी नवा माल नाही. मी एकदा विकला गेलेला माल आहे."

हशा जरा थांबला. मोबाइलमध्ये तोंड घातलेल्या दोघातिघांनी मान वर केली.

"माझ्या मायने मले जन्मल्याबरोबर विकलं. सुपात टाकलं अन् शेजारणीला दिलं, मूठभर कोंड्यात. शेजारणीने कडुलिंबाचा पाला माझ्या ओठाले लावला अन् म्हणाली, बाई, हे पोर कडू निघालं, मले नको, तूच ठेव. मग मायने फालतू माल म्हणून मले परत घेतलं. तेच नाव पडलं." आता लोक हसले, पण वेगळं. कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं, "मग?"

त्या एका "मग"ने कडूच्या जिभेची गाठ सुटली. "मी ही गोष्ट साऱ्या जिंदगीभर हसत सांगितली. पण परवा मले समजलं की मी ती चुकीच्या जागेपासून सांगत होतो."

इथे त्याने आईकडे बघितलं. चंद्रभागाबाईंनी पदर सोडला होता आणि त्या हात हलवत होत्या, नको, नको. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती त्याने कधी पाहिली नव्हती. कडू थांबला. समोर मनीषा होती, समोर माय होती. एका बाजूला जावं तर दुसरी जाणार, असं त्याला वाटलं. गप्प बसावं तर लोक म्हणणार कद्दू. मग त्याच्या मनात आलं, हे माझ्या एकट्याचं गुपित नाही, पण ओझं तर तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे.

"माझ्याआधी दोघं होते," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "एक राजा, एक गुलाब. माय त्यांना चांगलं म्हणाली. गोड म्हणाली. ते राहिले नाहीत. तिले वाटलं, आपल्याच तोंडाने गेले. म्हणून तिने मले कधीच चांगलं म्हटलं नाही. पहिला नंबर आला तरी नाही. नोकरी लागली तरी नाही. घरी पाहुणे आले, विचारलं, मुलगा कसा आहे, तर म्हणाली, फालतू. मले राग आला. मी तिले नको ते बोललो. अन् आज तिले म्हटलं, कोणाशी बोलू नको. तर मले..."

टण्ण करून घंटा वाजली. दोन मिनिटं संपली होती. निवेदकाने सवयीने माइक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. कडू तशा शांततेत पायऱ्या उतरला. त्याने बघितलं तर चौथ्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि बायकांच्या रांगेत आईची जागाही रिकामी होती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे काय करून बसलो? आईने छत्तीस वर्षं पोटात दाबून ठेवलेली दोन लेकरं आपण चव्हाट्यावर मांडली, तीही बायको मिळावी म्हणून. इंजिनीअरांनी पगार सांगितले, आपण आईचं दुःख विकायला काढलं. आणि तेही खपलं नाही. तो माणसांना ढकलत बाहेर धावला.

चंद्रभागाबाई मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. 

"सांगून टाकलं तू," त्या म्हणाल्या. "साऱ्यांना सांगून टाकलं. आता तुले काही झालं म्हणजे?"

"माफ कर माय. चल घरी. नको मले लग्नबिग्न." त्याने त्यांच्या चपला शोधायला सुरुवात केली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे एकही चप्पल ओळखू येत नव्हती.

"ताई, थांबा जरा."

प्रभाकर गुरुजी होते. मागे मनीषा, आणि तिच्या मागे धापा टाकत गिरधरमामा. गुरुजी चंद्रभागाबाईंसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "मी त्या दिवशी तुम्हाला एक विचारलं होतं. तुमचं उत्तर मला कळलं नाही, ती माझी चूक. आज पुन्हा विचारतो. मुलगा कसा आहे?"

कडू मध्ये बोलायला गेला, तर गुरुजींनी त्याला हातानेच थांबवलं. मनीषा चंद्रभागाबाईंकडे बघत होती.

चंद्रभागाबाईंनी लेकाकडे बघितलं. ओठ हलले. 'चां' आलं आणि परत अडकलं. कपाळावर घाम आला. कडूने डोळे मिटून घेतले. झालं, संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

"कडू आहे," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी मान हलवली. "किती?"

"लय." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "लय कडू आहे गुरुजी. इतका कडू साऱ्या जिल्ह्यात नाही सापडणार तुम्हाला."

"अजून सांगा ना," मनीषा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

मग चंद्रभागाबाईंचा बांधच फुटला. "फालतू आहे एकदम! दुकानातून आला की आधी माझे पाय चेपतो, दुसरं काही येतच नाही त्याले. बापाच्या आजारपणात वर्षभर उशाशी बसून राहिला, येडा. स्वतःसाठी एक शर्ट घेत नाही. मी जेवत नाही तोपर्यंत जेवत नाही, असा हट्टी. काळा आहे, बुटका आहे, कोणाच्या कामाचा नाही. पोरी, तू पस्तावशील," असं म्हणत त्यांनी मनीषाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि बोटं पांढरी पडली तरी सोडला नाही.

मनीषा प्रत्येक शिवीला "हो" म्हणत होती. गुरुजी चष्मा पुसत होते. आतून माइकवर कुणाची तरी उंची आणि पगार ऐकू येत होता. कडू हातात एकच चप्पल धरून, खाली मान घालून उभा होता. उभ्या जन्मात त्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.